कोल्हासुर होऊन गेला का हो?

पत्र असं आहे:

"ताई, आमचं एकत्र घर आहे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. नवरात्रात रोज सकाळी करवीर माहात्म्य, म्हणजे अंबाबाईची पोथी, वाचतात. आमच्या ह्यांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. यंदा ललितापंचमीला सगळे टेंबलाईच्या टेकडीवर गेलो होतो. कोहळा फुटला, नेहमीसारखी झुंबड उडाली. आबांनी या वयात त्या गर्दीत घुसून एक फोड मिळवली आणि माझ्या मुलाच्या हातात देऊन म्हणाले, 'हा बघ कोल्हासुर. देवीनं त्याला मारलं.' मुलगा चौथीत आहे. त्यानं लगेच वळून विचारलं, 'पप्पा, खरंच?' हे फटकन बोलून गेले, 'भोपळा आहे तो. राक्षसबिक्षस सगळ्या थापा.' भाचा आमच्याकडे राहून विद्यापीठात इतिहास शिकतोय. त्यानं वर तेल ओतलं की कोल्हासुर राक्षस नव्हताच, इथला मूळचा राजा होता, त्याला मुद्दाम बदनाम केलं.

आबा तिथं काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ह्यांच्याशी अबोला. जेवणाचं ताट खोलीत मागवतात. आणि घरच्या ग्रुपवर रोज मेसेज टाकतात. ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब होता, पुष्पक म्हणजे विमान, रामसेतू नासानं मान्य केला. हे त्याखाली नुसती हसणारी तोंडं टाकतात. माणूस तसा हट्टी नाही हो, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतात, नातवाला ताप आला की आधी डॉक्टरकडे पळतात. मुलगा मात्र रोज झोपताना विचारतो, 'आई, खोटं कोण बोललं, आबा का पप्पा?' मी देवीचं सगळं करते, पण कोल्हासुर खरंच होता का ते मला माहीत नाही. काय सांगू त्याला?"

वहिनी, मोठी माणसं थांबतील, पोराचं आधी बघू.

त्याचा प्रश्न नीट वाचलात तर त्यात कोल्हासुर नाहीच. आपल्या दोन माणसांपैकी एकाला खोटारडं ठरवायची पाळी आपल्यावर आली, हे त्याला झोपू देत नाहीये. त्याला आज रात्रीच सांगा की खोटं कुणीच बोललेलं नाही. आबांनी त्यांच्या लहानपणी ऐकलेली, पोथीत असलेली गोष्ट सांगितली. पप्पांनी त्यांना वाटतं ते सांगितलं, फक्त तोंडाला लगाम नव्हता. मग त्यानं विचारलंच की राक्षस होता का, तर आढेवेढे न घेता सांगा की त्याला कुणी पाहिल्याची नोंद नाही, त्याचं हाडूक, नाणं, शिलालेख काही सापडलेलं नाही, आपल्या गावाची फार जुनी गोष्ट आहे ती. "मोठा झालास की कळेल" असलं काही सांगू नका, पोरांना ते लगेच ओळखू येतं. आणि तो भोपळा नव्हे, कोहळा, एवढं यजमानांनाही सांगा. कोल्हापुरात राहून हे चालायचं नाही.

आता ती गोष्टच पुरती सांगते, कारण तुमच्या घरी तिघांनी तिचा एकेक तुकडा धरलाय. देवीनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं मागून घेतलं की या जागेला माझं नाव राहू दे, ते देवीनं दिलं. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं असं की त्याचा मुलगा कामाक्ष, त्यानं योगदंडाच्या जोरावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्यातून सगळ्यांना सोडवलं ते त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं. आणि विजयाचा सोहळा झाला तेव्हा नेमकं त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली आणि कोल्हासुर कसा मारला ते तिच्यापुढं कोहळा फोडून दाखवलं. ललितापंचमीला पालखी टेंबलाईवर जाते ती एवढ्यासाठी.

आता मला सांगा, यात लढाई किती आणि रुसवा किती? जिच्या नावानं अख्खं नवरात्र चालतं ती मोठी असून स्वतः चढण चढून गेली. तुमच्या घरातले तिघेही ते बघून आले, त्याच आवारात उभं राहून राक्षसाच्या जन्मदाखल्यावरून भांडले आणि त्याच दिवशी घरात अबोला घेऊन आले. पोथी रोज वाचणाऱ्याच्याही हे ध्यानात येऊ नये म्हणजे कमाल आहे. आबांपुढं हे तुम्ही काढा, पण चारचौघांत नको. त्यांना चहा देताना विचारा, "आबा, टेंबलाई का रुसली होती हो, नातवाला सांगा की जरा." मास्तर माणूस आहे, सांगितल्याशिवाय राहायचा नाही. आणि सांगता सांगता आपण कुठं बसलोय ते त्याला कळेल.

राहिला मूळ वाद, पुराणात लिहिलंय ते अक्षरशः घडलं असं मानायचं का. माझं मत विचाराल तर नाही. आणि हे मत काही यजमानांसारख्या इंजिनवाल्यांनी काढलेलं नाही, आबांच्याच कपाटातलं आहे. इसवी सनाच्या काही शतकं आधी होऊन गेलेल्या यास्काचं, वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणारं निरुक्त त्यांना माहीत असेल. इंद्रानं मारलेला वृत्र कोण, असा प्रश्न तो विचारतो आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवतो. निरुक्तवाले म्हणतात, मेघ. ऐतिहासिक, म्हणजे गोष्ट घडलीच असं मानणारे, म्हणतात, त्वष्ट्याचा मुलगा, असुर. पुढं तो म्हणतो की पाणी आणि तेज एकत्र आलं की पाऊस पडतो, युद्धाची वर्णनं आहेत ती उपमेनं केलेली. म्हणजे तुमच्या घरी टेंबलाईवर झालेलं भांडण यास्काच्या काळीही चालू होतं, फक्त तेव्हा कुणी ताट खोलीत मागवल्याचं लिहिलेलं नाही. शंकराचार्य तर गीताभाष्यात, अठराव्या अध्यायात, सरळ म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. आबांना कुणी नास्तिक म्हणणार नाही त्यांनी हे वाचलं म्हणून.

आणि अक्षरशः मानायचं तर कुठली अक्षरं? आपल्याच देवीचं बघा. तिरुपतीच्या कथेत भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं उलट त्याचीच विचारपूस केली, म्हणून लक्ष्मी रागावून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, निघून आली. म्हणजे ती विष्णुपत्नी. करवीर माहात्म्याच्या परंपरेत ती आदिशक्ती, तिच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, पाठीशी सिंह. दोन्ही एकाच वेळी अक्षरशः खरं कसं असेल? यावरून गावात वादही झडतात. पण नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो आणि आपण तो घेतो. कोल्हापूरकरानं शालू परत पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही.

महाभारताची तीच गत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ला काम सुरू झालं, देशभरची बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून १९६६ ला चिकित्सक आवृत्ती पुरी झाली. त्यात व्यास सांगतायत आणि गणपती लिहितोय ही गोष्ट मूळ संहितेत ठेवली नाही, मागाहूनची भर म्हणून परिशिष्टात टाकली. वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही. शबरीची उष्टी बोरं नाहीत. आबांनी शाळेत किती वर्षं लक्ष्मणरेषा सांगितली असेल! ती आपल्यात इतकी मुरली आहे की रोजच्या बोलण्यातून काढता येत नाही. म्हणून आबा खोटं बोलले म्हणायचं का? गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडात वाढत गेल्या, हे एवढं कबूल केलं की अर्धं भांडण मिटतं. पण मग "पोथीत आहे म्हणजे घडलंच" हेही सोडावं लागतं, आणि आबांना तेच जड जातंय.

भाच्याला वेगळं सांगायला हवं. तो बोलतोय त्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथा अशाच उलट्या वाचल्या. मत्स्य, वराह, परशुराम यांच्यामागे आक्रमण करणारे लोक बघितले आणि बळीला प्रजेचा राजा म्हणून उभं केलं. ते वाचन हवेतून आलेलं नव्हतं. वामनानं बळीला पाताळात घातलं असं पुराण सांगत असताना आपल्या बायका ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतच होत्या. पोथी एका बाजूला आणि माजघर दुसऱ्या बाजूला, असं बरंच काही आहे आपल्याकडे. तेव्हा गोष्टीत राक्षस कुणाला केलंय आणि ती कुणी लिहिली, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. पण "कोल्हासुर इथला राजा होता" म्हटलं की तेही आबांसारखंच घडल्याचं विधान झालं, फक्त नायक बदलला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ताम्रपट तरी दाखवावा लागेल. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं, सातवाहन काळातली वस्ती हाती लागली. आणि ब्रह्मपुरीतूनच ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली, कुणाची, तर पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची! समुद्र घाटाखाली आणि देव इथं पंचगंगेवर. रोमशी चाललेल्या व्यापारातून आलेली ती मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. भाच्यानं एका रविवारी मामेभावाला तिथं घेऊन जावं आणि जमिनीतून काय निघालं, काय निघालं नाही, हे त्याला दाखवावं. कोल्हासुर निघालेला नाही, राजा म्हणूनही नाही.

यजमानांशी मी एका बाबतीत पूर्ण सहमत आहे, ते म्हणजे मेसेज. तिथं श्रद्धेचा प्रश्नच नाही. नासा, अणुबॉम्ब, विमान हे शब्द आले की ते साधं तपासण्याजोगं विधान होतं, खरं तरी असतं नाहीतर खोटं. रामसेतूचं म्हणाल तर अंतराळातून काढलेल्या फोटोंवरून त्या पट्ट्याचं वय किंवा तो माणसानं बांधला का हे ठरत नाही, असं नासाकडूनच सांगण्यात आलं होतं. विमानांसाठी ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ ला बारकाईनं तपासलं. पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं निघालं आणि त्यातल्या आकृत्यांबरहुकूम काही उडणं शक्य नाही असा निष्कर्ष आला. पुष्पकाची गोष्ट हजारो वर्षं लोकांनी ऐकली, तिला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज पडली नव्हती. आता परदेशी संस्थेचा शिक्का मारून घ्यायचा, तोही खोटा, हे रामायणाला कमीपणा आणणारं आहे असं मला वाटतं, आणि आबांना हे याच शब्दांत सांगायला हरकत नाही.

पण सांगायचं कसं? लेथवर काम करणाऱ्या माणसाला मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकलेला चालत नाही, आणि बापाशी बोलताना मात्र हसरं तोंड टाकून मोकळा. ग्रुपवर जावा, नणंदा, पाहुणे सगळे आहेत. चाळीस वर्षं वर्गात ज्याच्यापुढं पोरं उभी राहिली त्याला तिथं हसायचं, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी सहाऐवजी दहा मेसेज टाकणार. पुराणावरचा विश्वास वाढला म्हणून ते मेसेज वाढलेले नाहीत, नातवापुढं अपमान झाला म्हणून वाढलेत. ग्रुपवर उत्तर देणं यजमानांनी आजपासून बंद करावं आणि एखाद्या संध्याकाळी दोघांनीच रंकाळ्यावर चक्कर मारावी. "राक्षस होता हे मला पटत नाही, पण पोरासमोर थापा म्हणायला नको होतं" एवढं म्हणावं. मत बदलायची गरज नाही.

पोथीतलं अक्षरशः मानण्यावर खरंच भांडायचं असेल तर त्याची जागा दुसरी आहे, आणि ती दाखवून देणारा माणूस याच गावचा. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र न म्हणता शूद्रांसाठीचे पुराणोक्त म्हटले जातायत हे उघडकीला आलं. त्यामागं युक्तिवाद होता की कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, पहिला वर्ण आणि शेवटचा वर्ण एवढेच राहिले. परशुरामानं एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली ही गोष्ट असल्या ठिकाणी कामाला येते. पहिल्या खेपेला सगळे संपले तर उरलेल्या वीस खेपांना कोण मिळालं, हा प्रश्न चौथीतलं पोरही विचारेल. पण त्या गोष्टीच्या आधारानं गादीवरच्या छत्रपतीला शूद्र ठरवता येत होतं, तर गावकुसाबाहेरच्याचं काय होत असेल! महाराज परशुराम होता की नव्हता या वादात बसले नाहीत. राजघराण्याच्या पुरोहितांचं, राजोपाध्यांचं, वतन काढून घेतलं, आणि १९२० ला क्षात्रजगद्गुरूचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूचं, पीठच उभं केलं.

माझी कसोटी तिथून आलेली आहे. गोष्ट जोवर गोष्ट आहे तोवर तिला कागद मागू नये. ती जिवंत माणसाला हुकूम करायला लागली, अमक्यानं शिवायचं नाही, तमकीनं आत यायचं नाही, औषधाऐवजी अंगारा लावायचा, की मग कागद मागावेत आणि बापाकडेही मागावेत. तुमच्या आबांनी असा हुकूम केल्याचं पत्रात कुठं नाही. गोळ्या वेळेवर घेतात म्हणता. त्यांनी फक्त धक्के खाऊन नातवासाठी कोहळ्याची फोड आणली.

मुलाला गोष्टीशी खेळू द्या. रंकाळ्याजवळचा नंदी गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तो तळ्याशी पोचला की प्रलय, हे त्याला आबांनी सांगितलं असेलच. त्याला पट्टी द्या आणि दाणे मोजायला सांगा. आजऱ्याचा घनसाळ घेतला तर दाणा आखूड, नंदी पुढं जाईल. बासमती घेतला तर गव्हापेक्षा लांब भरतो, म्हणजे नंदी उलटा मागं मागं जाणार आणि प्रलय कायमचा टळला! यात आबाही हसतील बघा, आणि गोष्टीचं काही बिघडत नाही.

शेवटचं एक काम, त्याला मुहूर्त जवळ आहे. ९, १०, ११ नोव्हेंबरला किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर पोचतात. पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला तेच. दोनदा का, ते मशीन शॉपवाल्यानं पोराला समजावावं. २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो, त्याच्या साधारण सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो. देऊळ बांधणाऱ्यांनी हे टिपून गाभारा, मंडप आणि दरवाजे एका रेषेत धरले. हे अक्षरशः खरं आहे, मोजता येतं, आणि वाटेत उंच इमारत आली की अडतंही, पोथी काही म्हणो. इथं आबांना आणि यजमानांना एकमेकांचं ऐकायला काही अडचण नाही. गर्दी फार असते, पाचच्या आत जाऊन जागा धरा. दोघं बोलायला लागलेले असोत नसोत, पोराला मधे उभं करा. ढग आले तर फेब्रुवारीत परत जा.